मावळा धुण्याआधी: जुन्या किल्ल्याच्या खोक्यातून संशोधनपद्धती

संशोधनाची तयारी करताना 'प्राथमिक साधन' हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल. मला तो धरणगावात, पाण्याच्या बादलीपाशी कळला.

गल्लीतल्या एका काकूंनी घर आवरताना दिवाळीच्या किल्ल्यावरचे जुने मावळे मला दिले. खोकंभर होते. कुणाचा हात तुटलेला, कुणाची तलवार गायब. भाच्यासाठी नव्यासारखे करू म्हटलं आणि पहिलाच घोडेस्वार बादलीत बुडवला. तो निघाला कच्च्या शाडूचा! आधी रंग गेला, मग घोड्याचा पाय. नंतर काकूंनी सहज विचारलं, "घोड्याच्या पोटाखाली आमच्या मोठ्यानं पहिल्या किल्ल्याचं साल लिहिलंय, पाहिलंस का?" ते साल आता कुठेच नाही. काकूंनाही आठवत नाही.

तुमच्याकडून असं होऊ नये म्हणून हा क्रम सांगतो.

१. आधी नोंद. हात लावण्यापूर्वी शेजारी पट्टी ठेवून चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो काढा. प्रत्येकाला क्रमांक द्या. कुणाकडून आला, कुठे ठेवलेला होता, तेही लिहा.

२. मग ओळख. ओल्या कापसाची काडी तळाच्या न दिसणाऱ्या जागी हलकेच टेकवा. चिखल सुटला तर कच्ची माती. पांढरं असेल, पाणी शोषेल पण चिखल होणार नाही, तर बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिस. धातूचा, जड आणि मऊ असेल तर शिसं असू शकतं. जुन्या ऑइलपेंटबाबतही सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग सँडपेपरनं कोरडा घासू नका. ती धूळ श्वासात जाते.

३. कमीत कमी ढवळाढवळ. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं काढा. जुना रंग टिकून असेल तर त्यावर नवा थर चढवू नका, उडालेल्या जागेपुरताच भरा. संग्रहालयातले जतनतज्ज्ञ पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य वापरतात. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून मूळ वस्तू आणि नवं भरण यांच्यामध्ये त्याचा थर दिला की पुढच्या माणसाला आपलं काम काढून टाकता येतं. तत्त्व एवढंच: आपण चुकू शकतो, तेव्हा परतीची वाट ठेवायची.

४. रंग कोणता, आणि कशावरून? इथे खरी गंमत आहे. भगवा फेटा, पांढरा अंगरखा हे आपण बहुतेक वेळा कॅलेंडर आणि सिनेमातून उचलतो. आता आपलं धरणगाव घ्या. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं इथली इंग्रजांची वखार लुटली. १८२५ मध्ये जेम्स आऊट्रॅमनं इथेच भिल्ल पलटण उभी केली. गाव एकच, मध्ये दीडशे वर्षं. दोन्हीकडच्या शिपायांना एकच पोशाख कसा चालेल? सतराव्या शतकासाठी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं मीर मुहम्मदचं चित्र पाहा: घोड्यावर महाराज, सोबत पायी शिपाई. पण तेही निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशासाठी काढलेलं. चित्रकारानं हे शिपाई प्रत्यक्ष पाहिले होते का, हा प्रश्न साधनाला विचारायचाच.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: भाग, रंग, आधार. आधाराच्या रकान्यात 'समकालीन चित्र', 'नंतरचं वर्णन' किंवा 'अंदाज' यांपैकी एक लिहा. 'अंदाज' लिहायला लाजू नका. अंदाजाला पुरावा म्हणून खपवलं, की गाईडच्या पहिल्याच प्रश्नाला आपण अडकतो.

त्या घोडेस्वाराला मी शाडूचा नवा पाय बसवला, पण रंगवला नाही. जुनं कुठे संपतं ते दिसायला हवं. पोटाखाली कुठलंही साल लिहिलं नाही. वहीत मात्र क्रमांक एकपुढे नोंद आहे: 'तळावर साल होतं. धुताना गेलं. चूक माझी.' काकूंना ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, मुलगा दिवाळीला आला की विचारते. तोवर तो रकाना रिकामाच आहे.