रक्ताचा रिपोर्ट आणि काचबिंदू : कारागिरांनी काय ध्यानात ठेवावे?

जरीकाम करणारा असो, रफूगर असो, घड्याळजी असो की यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा विणकर असो, त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची नजर होय. दुकान बुडाले तर कर्ज काढून पुन्हा उभे करता येते. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही.

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. बहुतेकांना वेदना होत नाहीत. प्रथम बाजूचे दिसणे कमी होते, समोरचे काम चालू राहते. म्हणून कारागिराच्या ते लक्षातच येत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना हा विकार होता. दक्षिण भारतातील पाहण्यांत आढळलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊ जणांना आपल्या आजाराचा पत्ताच नव्हता.

अलीकडे या विकारात शरीरातील दाहाचाही वाटा असावा, असे संशोधक मानू लागले आहेत. रक्ताच्या साध्या सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशींची टक्केवारी मिळते. न्यूट्रोफिल 60 आणि लिम्फोसाइट 30 टक्के असतील तर प्रमाण 2 झाले. हे प्रमाण वाढणे म्हणजे शरीरात दाह असण्याची खूण. तुर्कस्तान व चीनमधील काही अभ्यासांत काचबिंदूच्या रुग्णांत ते जास्त आढळले. मात्र सर्व अभ्यासांचा निष्कर्ष एक नाही.

येथेच सावध राहावे. दाढ सुजली, ताप आला, बिडी-सिगारेट ओढली, स्टिरॉइड घेतले तरी हा आकडा वाढतो. म्हणून रक्त "नॉर्मल" आले म्हणजे डोळे सुरक्षित, असा अर्थ काढू नये. आणि आकडा वाढला म्हणजे काचबिंदू झाला, असेही नव्हे.

मग रक्ततपासणी निरुपयोगी का? तसे नाही. डोळ्याच्या आतील भागाला वारंवार सूज येत असेल तर त्यामागे क्षय वा सांध्यांचा विकार आहे का, हे रक्तावरून शोधतात. पन्नाशीपुढील माणसाची कानशिले दुखू लागली, चावताना जबडा दुखला आणि नजर अचानक अंधुक झाली, तर ईएसआर व सीआरपी या तपासण्या तातडीने करतात. हा विकार आपल्याकडे विरळ आहे. पण उशीर झाला तर अंधत्व येते.

काचबिंदू ओळखण्यासाठी मात्र डोळाच तपासावा लागतो. डोळ्याचा दाब साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. दाब योग्य असूनही नस सुकू शकते, म्हणून नस पाहणे आणि बाजूच्या दृष्टीची तपासणीही आवश्यक. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली नाही. चाळिशी उलटली असेल, घरात कोणाला काचबिंदू असेल किंवा मधुमेह असेल, त्यांनी नेत्रतज्ज्ञाकडे अवश्य जावे. सरकारी जिल्हा रुग्णालयांतही नेत्रविभाग असतात.

आणखी एक घातक सवय सोडली पाहिजे. डोळे लाल झाले की मेडिकलवरून थेंब आणून महिनोन्‌महिने टाकले जातात. त्यांत स्टिरॉइड असेल तर लाली जाते, परंतु आत दाब वाढतो आणि त्यातूनच काचबिंदू होऊ शकतो. चिठ्ठीशिवाय असे थेंब घेऊ नयेत.

काचबिंदूचे थेंब मात्र एक दिवसही चुकवू नयेत. रमजानमध्ये काही बांधव ते बंद करतात. हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत डोळ्यांत औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे, पण औषध थांबवू नये.

व्यापारी बांधवांनी आपल्या कारखान्यातील चाळिशीपुढील कारागिरांची वर्षातून एकदा नेत्रतपासणी करवून घेतली, तर ती खैरातही ठरेल आणि धंद्याच्या हिशेबातही फायद्याचीच ठरेल.