आज सहा, परवा आठ: गच्चीवरच्या भेंडीचे समज-गैरसमज

बंगळुरूत गच्चीवर भेंडी लावणाऱ्याला ती पाव किलो, अर्धा किलो अशी कधी मिळतच नाही. आज सहा मिळतात, परवा आठ, मध्ये एखादा दिवस कोरडा. भेंडीचं फूल एकाच दिवसापुरतं उमलतं आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांत शेंग तोडायला येते. एका झाडाला एक दिवसाआड साधारण एक, असा हिशेब धरला तरी दहा-बारा ग्रो बॅगांतून चौघांची भाजी एकदम निघत नाही. मग पहिल्या सहा शेंगा फ्रिजमध्ये शेवटच्या आठांची वाट पाहत बसतात. घरच्या भेंडीबद्दलचे निम्मे गैरसमज या वाट पाहण्यातून येतात, उरलेले कढईतून.

या शहरात हा प्रश्न बऱ्याच घरांचा आहे. डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरच्या शेतीची गोडी इथल्या लोकांना लावली आणि ‘ऊटा फ्रॉम युवर तोटा’ या मेळ्यांनी ती घराघरांत नेली. शहराच्या कडेला हेसरघट्ट्याला भारतीय फलोत्पादन संशोधन संस्था आहे, सगळ्यांच्या तोंडी आयआयएचआर. गच्च्यांवर दिसणारी ‘अर्का अनामिका’ ही भेंडी तिथलीच. संस्थेच्या वाणांच्या नावाआधी ‘अर्का’ लागतं, त्यामुळे बियांच्या पाकिटावर ते पटकन ओळखू येतात.

सर्वांत पक्का समज असा की भाजी जितकी गार, तितकी ताजी. पालकाला आणि कोथिंबिरीला तो चालतो. भेंडी मात्र उष्ण प्रदेशातली आहे. साठवणीसाठी तिला 7 ते 10 अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर दमट हवा लागते. घरच्या फ्रिजचा मधला कप्पा 4 अंशांच्या आसपास असतो. तिथे चार-पाच दिवस राहिलेल्या भेंडीला बारीक खड्डे पडतात, अंगावर काळपट डाग येतात आणि बाहेर काढल्यावर ती लवकर लिबलिबीत होते. लोक म्हणतात, ‘फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा सडली.’ खरं तर ती तिथे ठेवल्यामुळेच लवकर बिघडलेली असते. खालचा भाजीचा खण त्यातल्या त्यात उबदार असतो, म्हणून भेंडीची जागा तीच. सुती फडक्यात किंवा कागदात सैल गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवली, तर ओल टिकते आणि पाणीही साचत नाही. अशी आठवडाभर जाते. एका दिवसाचाच प्रश्न असेल तर फ्रिज लागतही नाही. जुलैतल्या रात्री बंगळुरूचा पारा 20 अंशांच्या जवळ असतो, तेव्हा ओट्यावरच्या टोपलीत ती रात्रभर सुखाने राहते. शेजारी पिकलेली केळी मात्र नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने भेंडी पिवळी पडायला लागते.

धुऊन ठेवणं ही दुसरी हौस. अंगावरच्या बारीक लवेत पाणी अडकतं, आणि देठाच्या टोपीखाली अडकलेलं पाणी तर पुसलंही जात नाही. काळे ठिपके आणि बुरशी तिथूनच सुरू होतात. उलट टोकाचा समज म्हणजे घरची आहे, औषध मारलेलं नाही, मग धुवायची कशाला? गच्चीवर कबुतरं बसतात, धूळ उडते, मावा आणि मुंग्या असतात, कुंडीत शेणखत असतं. धुवायची तर आहेच, पण चिरायच्या तासभर आधी. मग कोरडी पुसायची आणि त्यानंतरच विळीवर घ्यायची.

आता कढईकडे. ‘घरच्या भेंडीला तार जास्त सुटते’ अशी तक्रार ऐकू येते. भेंडीच्या पेशींमध्ये गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज यांसारख्या शर्करांच्या लांब साखळ्या असतात. पाणी मिळालं की त्या फुगतात आणि तार धरतात. चिकटपणा भेंडीत असतोच, तो वाढतो की दबतो हे पाणी ठरवतं. ताज्या कोवळ्या शेंगेत पाणी भरपूर, म्हणून बाजारातल्या दोन दिवसांच्या, थोड्या सुकलेल्या भेंडीपेक्षा ती जास्त बुळबुळीत वाटते. उपाय आजीच्या स्वयंपाकघरात होताच: चिरून थोडा वेळ पसरून ठेवायची, कढई पसरट घ्यायची, थर पातळ ठेवायचा, झाकण घालायचं नाही आणि मीठ शेवटी टाकायचं. झाकणाखालची वाफ पाणी होऊन परत भाजीत पडते, आणि आधी घातलेलं मीठ भेंडीतलं पाणी बाहेर ओढतं. तुकडे मोठे ठेवले तर कापलेले तोंड कमी, तारही कमी. भरली भेंडी बुळबुळीत होत नाही, त्याचं निम्मं श्रेय मसाल्याला नसून एकाच चिरेला आहे.

आंबट घातलं की चिकटपणा जातो, हे खरं, पण ते कधी घालायचं याबाबत घोळ असतो. आम्लाने त्या साखळ्यांचा दाटपणा उतरतो. दह्यातली भेंडी, चिंचगुळाची भेंडी, आमसूल टाकलेली कोकणी भाजी या सगळ्यांमागे हेच आहे आणि कानडी घरांतला बेंडेकाई गोज्जूही चिंच-गुळावरच उभा असतो. पण आम्लामुळे भाजी मऊ व्हायला वेळ लागतो आणि हिरवा रंग ऑलिव्हसारखा मळकट होतो. म्हणून आधी भेंडी परतून शिजवावी, चिंचेचा कोळ नंतर. गोज्जू करणाऱ्या अनुभवी बायका हेच करतात, रसायनशास्त्राचं नाव न घेता.

रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकणारेही आहेत. सोड्याने रंग टिकतो खरा, पण सोडा अल्कधर्मी असल्यामुळे तार दबण्याऐवजी वाढते, भाजी गिळगिळीत होते आणि सी जीवनसत्त्वही घटतं. हा सौदा तोट्याचाच.

लोखंडी कढईत भेंडी काळी पडली की कढईला किंवा खताला दोष दिला जातो. भेंडीतल्या फिनॉल गटातल्या द्रव्यांची लोखंडाशी गाठ पडली की काळपट रंग तयार होतो. भाजी विषारी होत नाही, फक्त पाहायला बरी दिसत नाही. स्टील किंवा कल्हईचं भांडं घेतलं की प्रश्न मिटला.

या चिकट द्रवाला स्वयंपाकघरात शिव्या मिळतात, पण कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात त्याची किंमत असते. भेंडीची किंवा रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवतात आणि ते तारदार पाणी उकळत्या उसाच्या रसात सोडतात. रसातला बारीक कचरा त्या चिकट जाळ्यात अडकून मळी बनून वर तरंगतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. स्वच्छ पिवळा गूळ रासायनिक पावडरीशिवाय मिळवण्याची ही जुनी रीत कर्नाटकातही आहे.

पानांच्या शिरा पिवळ्या पडून शेंगाही फिकट झाल्या की गच्चीवर घबराट होते आणि शेंगा कचऱ्यात जातात. हा हळद्या, म्हणजे यलो व्हेन मोझॅक. पांढरी माशी तो पसरवते. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून 1924 साली त्याची नोंद झाली आणि पुढची शंभर वर्षं भेंडीचं संशोधन बरंचसं याच रोगाभोवती फिरलं. दिल्लीची ‘पुसा सावनी’ काही काळ तग धरून मग हळद्याला बळी पडू लागली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1980 च्या दशकात ‘परभणी क्रांती’ दिली आणि हेसरघट्ट्याने ‘अर्का अनामिका’. दोन्हींनी प्रतिकारशक्ती भेंडीच्या रानटी नातेवाइकांकडून घेतली. हा विषाणू वनस्पतींचा आहे, माणसाला त्याची बाधा होत नाही. रोगट झाडावरची शेंग खाल्ली तर बिघडत काही नाही, पण ती राठ आणि बेचव असते. झाड मात्र उपटावं, नाहीतर माशी शेजारच्या कुंडीत पोहोचते. पानांवर खत शिंपडून हळद्या बरा होत नाही.

लाल भेंडी लावणाऱ्यांची निराशा वेगळी असते. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेच्या ‘काशी लालिमा’सारख्या वाणांचा रंग अँथोसायनिनचा. तो पाण्यात विरघळतो आणि आचेवर टिकत नाही. कढईत गेली की लाल भेंडी हिरवी होते. तो रंग ताटात पाहायचा असेल तर कोशिंबिरीत कच्ची चिरून घालावी.

पावसाळ्यात शेंगा एकदम येतात तेव्हा काही घरांत कच्ची भेंडी तशीच डब्यात भरून फ्रीझरमध्ये जाते. गोठवल्याने भेंडीतली विकरं थांबत नाहीत, फक्त मंदावतात, आणि दोन-तीन महिन्यांत वास, रंग, पोत सगळं उतरतं. बियांचे कप्पे उघडू न देता देठ काढायचा, लहान शेंगा उकळत्या पाण्यात 3 मिनिटं आणि मोठ्या 4 मिनिटं घालायच्या, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करायच्या, पुसून गोठवायच्या. बर्फ नको असेल तर दक्षिणेत ताकात मीठ घालून भेंडी वाळवण्याची पद्धत आहे. आपल्या सांडगी मिरच्यांचीच ती बहीण. बरणीत नुसतं तेल ओतून भेंडी ‘टिकवण्याचा’ प्रयोग मात्र करू नये. भेंडी कमी आम्लाची भाजी आहे, आणि तेलाखाली हवा बंद झाली की बोटुलिझमच्या जिवाणूला हवी तशी जागा मिळते.

औषधाच्या गोष्टी तर संपत नाहीत. रात्री चिरलेली भेंडी पाण्यात टाकून सकाळी ते पाणी प्यायचं, साखर उतरते, असं निरोपांमध्ये फिरत असतं. माणसांवर झालेल्या काही छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे, पण त्यावर गोळी बंद करावी इतका नाही. 2011 मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात भेंडीच्या चिकट अर्कामुळे मेटफॉर्मिनचं शोषण कमी झालं. म्हणजे मधुमेहाची गोळी आणि भेंडीचं पाणी एका वेळी घेणाऱ्याने डॉक्टरांना सांगणं शहाणपणाचं. बंगळुरूच्या घरांत आणखी एक ठाम मत आहे: भेंडी खाल्ली की मुलाला गणित येतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ताटात भेंडी वाढणाऱ्या आया इथे भेटतात, आणि मराठी घरांनीही ही समजूत शेजाऱ्यांकडून आनंदाने उचलली आहे. 100 ग्रॅम कच्च्या भेंडीत 33 कॅलरी, 3 ग्रॅमच्या वर तंतू, 23 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व आणि 60 मायक्रोग्रॅम फोलेट असतं. भाजी म्हणून हे उत्तमच आहे. पण फोलेटने पाढे पाठ होत नाहीत. मूल भाजी खायला तयार होत असेल, तर ही एक थाप माफ करायला हरकत नाही.

उरली जून भेंडी. सुट्टीवरून परतल्यावर झाडावर वीतभर लांब झालेल्या शेंगा दिसतात आणि ‘कुकरला दोन शिट्ट्या जास्त दिल्या की झालं’ असं वाटतं. नाही होत. शेंग जून झाली की तिच्यात लाकडासारखे तंतू तयार होतात आणि ते शिजून विरघळत नाहीत. टोक मोडून पाहावं: कट्‌कन मोडलं तर भाजीत, नुसतं वाकलं तर नाही. बाजारात प्रत्येक भेंडीचं टोक मोडणाऱ्या गिऱ्हाइकावर भाजीवाली चिडते, गच्चीवर मात्र कोणाचा धाक नाही. जून शेंग झाडावर राहू दिली तर नवीन फुलं कमी येतात, म्हणून हंगाम चालू असताना ती काढून टाकलेली बरी. ती चिरून आतले कोवळे दाणे आमटीत घालता येतात.

हंगामाच्या शेवटी एका निरोगी झाडावरच्या दोन शेंगा मुद्दाम ठेवाव्यात. त्या तपकिरी होऊन धारांवर उकलू लागल्या की बी काढून सावलीत वाळवायचं आणि कोरड्या डब्यात भरायचं. ‘अर्का अनामिका’ सरळ वाणाची असल्याने तिचं बी पुढच्या वर्षी बहुतेक तशीच भेंडी देतं, संकरित पाकिटातलं देत नाही. आणि पेरणी डिसेंबरात नको. बंगळुरूच्या थंडीत बी कुंडीत नुसतं बसून राहतं, फेब्रुवारी संपता संपता पेरलं की पटकन उगवतं.