उरलेली बारा मिनिटं

२६ मे २०२६ला माइल्स डेव्हिसच्या जन्माला शंभर वर्षं झाली. सकाळपासून माझ्या फोनवर अल्बमच्या मुखपृष्ठांची रांग लागली. ‘आज हे लावलंय’, ‘सध्या हे चालू आहे’. एका स्नेह्याने तर दुपारपर्यंत आठ-नऊ पाठवले. मी त्याला विचारलं, ‘यातल्या तिसऱ्यावर ड्रम्सला कोण आहे?’ उत्तरादाखल अंगठा आला.

तेव्हापासून डोकं फिरलेलं आहे.

मुंबईच्या जॅझचा इतिहास सांगणारे १९३५पासून सुरू करतात. ताजमध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड, मग टेडी वेदरफोर्ड, मग गोव्याची मंडळी. १९५८ला डेव्ह ब्रुबेक येऊन गेला, १९६३ला ड्यूक एलिंग्टन. ज्यांनी हे पाहिलं होतं त्यांनी आम्हाला ते इतक्यांदा ऐकवलं, की त्या सुवर्णकाळाचा मला अजून कंटाळा येतो. सत्तरचं दशकही सोडून देऊ. आयातीवर बंधनं होती, दुकानात जॅझची तबकडी दिसली तर ती कुणीतरी आधीच सांगून ठेवलेली असे.

माझं दशक ऐंशीचं. १९७८मध्ये निरंजन झवेरींच्या मंडळींनी पहिली जॅझ यात्रा भरवली, सनी रोलिन्स येऊन वाजवून गेला, आणि पुढे दर दोन वर्षांनी धोबी तलावच्या रंगभवनात आमच्यासारख्यांची जत्रा भरू लागली. उघडं आकाश, मागच्या स्वस्त जागा. पुढच्या रांगांत बसणाऱ्यांवरचा राग अजून गेलेला नाही. बेस सोलो सुरू झाला की त्यांच्या गप्पा सुरू. डबल बेस हे त्यांच्या लेखी मध्यंतर होतं.

यात्रा संपली की दोन वर्षं काय? रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका. विलिस कोनोव्हर संथ, सुटं इंग्रजी बोलायचा, म्हणून दादरच्या मराठी शाळेतून आलेल्या पोरालाही सगळं कळायचं. कोण वाजवतंय, कुठल्या साली, पियानोला कोण, हे तो प्रत्येक वेळी सांगे. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत हा माणूस जवळजवळ अनोळखी होता. सरकारी प्रक्षेपण देशात ऐकवायला तिथे कायद्याने मनाई होती. रेडिओची खरखर वाढली की आम्ही नावं अंदाजाने वहीत उतरवायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडायचो.

‘सध्या काय ऐकतोयस?’ हा प्रश्न तेव्हा जपून विचारावा लागे. कारण उत्तर देणाऱ्यावर ते ऐकवण्याची जबाबदारी यायची. ग्रँट रोडला एक पारशी गृहस्थ होते. तबकडी घराबाहेर देणार नाहीत, पण कोरी सी-९० घेऊन गेलं तर भरून देत. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ जेमतेम तेहतीस मिनिटांचा. उरलेल्या बारा मिनिटांत काय भरायचं ते ते स्वतः ठरवत, आपल्याला विचारत नसत. कधी मंक, कधी लेस्टर यंग, एकदा चक्क चिक चॉकलेट. आणि कव्हरवर बारीक अक्षरात प्रत्येक वादकाचं नाव. त्या बारा मिनिटांनी मला जेवढं शिकवलं तेवढं त्या तेहतिसांनी नाही.

गिरगावात एक पेटीवाले मित्र होते. माइल्सचा ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकून ते म्हणाले, पहिली बाजू चढी लागते, पेटीच्या पट्टीत बसत नाही. सगळे हसले. डेक जोरात पळतोय, टेप ताणली असेल, तुझी पेटीच उतरली असेल! मी एकटा त्यांच्या बाजूने होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. पुढे जाहीर झालं ते असं: १९५९च्या ध्वनिमुद्रणात एक टेपयंत्र हळू चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर किंचित वरच्या पट्टीत गेल्या. दुरुस्त आवृत्ती निघाली १९९२ला. तोवर जगभर तेहतीस वर्षं ही चूक विकली गेली. हसणाऱ्यांपैकी कुणी फोन केला नाही.

याच मित्रांना दादरचे ख्यालवाले विचारायचे, ‘यात सम कुठाय?’ बत्तीस बारचं आवर्तन मोजून दाखवलं तरी पटायचं नाही. पण ‘अलबेला’तल्या सी. रामचंद्रांच्या चालींवर हेच लोक डुलत. त्या १९५१च्या सिनेमात चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावर आहे. हळदोण्याचा हा अंतोनियो झेवियर वाझ. त्याच्यासारख्या गोंयकारांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला आणि तबकड्यांवर त्यांची नावं छापली गेली नाहीत. २०१२मध्ये नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ लिहिलं तेव्हा कुठे ही माणसं पुस्तकात आली.

नव्वदीत सीडी आली. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. १९९६ला कोनोव्हर गेला. २००३मध्ये शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले कार्यक्रम थांबले. रुग्णालय जवळ, कॉलेज जवळ. नियम चुकीचा म्हणता येत नाही, पण शहराने दुसरी तशी जागा दिली नाही ती नाहीच. २०१६ला काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं. ती वास्तू पुढे नीरव मोदीच्या मालमत्तेत निघाली, जप्त झाली. शेवटच्या दिवसांत तिथे हळहळायला जमलेल्या गर्दीतले किती जण आधीच्या पाच वर्षांत काही विकत घ्यायला गेले होते?

आता फोनवर सगळं आहे. नाही ते फक्त नाव. अल्बम लावला की पडद्यावर नायकाचं नाव मोठं, साथीदार शोधावे लागतात. ‘काइंड ऑफ ब्लू’वर ड्रम्सला जिमी कॉब आहे, बेसला पॉल चेंबर्स, हे माहीत नसेल तर तुम्ही माइल्स ऐकताय, पण सहा-सात माणसांनी मिळून केलेलं काम ऐकत नाही. गोंयकारांच्या बाबतीत सिनेवाल्यांनी जे केलं, तेच आपण आता सगळ्यांच्या बाबतीत करतो आहोत.

२३ सप्टेंबरला कोल्ट्रेनची शताब्दी. पुन्हा मुखपृष्ठं येतील. मला पाठवणाऱ्यांना विनंती एवढीच: एकच अल्बम पाठवा, आणि खाली वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव स्वतः टाइप करा.