अस्तंब्याची वाट

महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यांत, तापी आणि नर्मदा या दोन नद्यांच्या मधोमध, सातपुड्याच्या रांगा एकीमागें एक उभ्या आहेत. त्यांच्या कुशींतील अक्राणी तालुका पूर्वीं धुळें जिल्ह्यांत मोडत असे; १९९८ सालीं नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला, तेव्हां तो त्यांत गेला. या जिल्ह्यांत दर शंभर माणसांत सुमारें ६९ आदिवासी आहेत, असें २०११ ची खानेसुमारी सांगते. भिल्ल आणि पावरा हे त्यांतील मुख्य समाज होत. आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य उन्हाळ्यांत महाबळेश्वर गांठतो, सवड मिळाली तर काशी-रामेश्वर करतो. पण या डोंगरांकडे त्याचीं पावलें सहसा वळत नाहींत. तिकडे पाहण्यासारखें असें काय आहे, असें आम्हांसही निघण्यापूर्वीं कित्येक स्नेह्यांनीं विचारलें. त्या प्रश्नाचें यथाशक्ति उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

नंदुरबार स्टेशनावर उतरून तापी ओलांडली कीं तळोद्यापर्यंतचा मुलूख सपाट आहे. पुढें चांदसैलीचा घाट लागतो आणि प्रदेशाचें रूपच पालटतें. गांव म्हटलें म्हणजे चावडी, देऊळ आणि एकमेकांस खेटून असलेलीं घरें आपल्या डोळ्यांपुढें येतात. येथें तसें नाहीं. गांव पाड्यापाड्यांत विखुरलेलें, आणि पाड्यांतही बहुतेक घर आपापल्या शेतांत, उतारावर, एकटें उभें. भिंती बांबूच्या कुडाच्या, शेणामातीनें लिंपलेल्या, वर कौलें.

आम्ही ज्या घरीं उतरलों तेथें प्रथम अंगणांत खाट टाकण्यांत आली, पाणी आलें, आणि मग कोण, कोठले ही चौकशी झाली. जेवणांत ज्वारीची भाकर, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा होता. आमच्या पुस्तकी मराठीचा मात्र तेथें फारसा उपयोग होईना. वडील माणसें आपल्या बोलींत बोलत, आणि शाळेंत जाणारा त्यांचा नातू तें आम्हांस उलगडून सांगे. प्रौढ माणसांवर लहान मुलाकडून समजून घेण्याची पाळी यावी, हेंही एक प्रकारचें शिक्षणच होय.

या भागांतील अस्तंब्याची यात्रा दिवाळींत, धनत्रयोदशीच्या सुमारास भरते. अस्तंबा नांवाचा हा डोंगर १,३२५ मीटर, म्हणजे सुमारें ४,३५० फूट उंच आहे. महाराष्ट्राखेरीज गुजराथ आणि मध्यप्रदेश येथूनही यात्रेकरू येतात. कित्येकजण अनवाणी असतात, आणि पुष्कळसें चालणें रात्रींच्या काळोखांत होतें. शिखरावर पूजा होते ती कोणा अवताराची किंवा विजयी राजाची नव्हे, तर द्रोणपुत्र अश्वत्थाम्याची. कपाळावरील जखमेसाठीं तेल मागत तो याच दऱ्याखोऱ्यांतून अद्याप हिंडतो, आणि वाट चुकलेल्यास वाट दाखवितो, अशी येथील श्रद्धा आहे.

सौप्तिकपर्वांतील कथा वाचकांस ठाऊकच आहे. झोपेंत असलेल्या द्रौपदीच्या पुत्रांचा अश्वत्थाम्यानें वध केला आणि उत्तरेच्या गर्भावरही अस्त्र टाकलें. त्याला मस्तकावरील मणि द्यावा लागला, आणि तीन हजार वर्षें कोणाच्याही सहवासावांचून अरण्यांत भटकशील, असा श्रीकृष्णानें त्याला शाप दिला. अभ्यंगस्नानापूर्वीं चिरंजीवांच्या नांवानें तेलाचे थेंब जमिनीवर टाकण्याची रीत आपल्या कित्येक घरांत अजून आहे. परंतु त्यांतला एक थेंब कोणाच्या जखमेसाठीं आहे, याचा विचार करण्याइतका वेळ दिवाळीच्या पहाटे कोणास असतो?

असल्या घातक्याची पूजा कां करतां, असें आम्हीं घरच्या आजोबांस नातवाकरवीं विचारलें. त्यांस आमचा प्रश्नच नीट कळेना. जखम वाहते आहे, म्हणून तेल पाहिजे. त्यानें मागें काय केलें याचा तेलाशीं काय संबंध, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

या उत्तरानें आमच्या मनांत दुसरा एक विचार आला. ज्या द्रोणाचार्यांनीं एकलव्याचा अंगठा मागून घेतला, त्यांचाच हा मुलगा. महाभारतांतील एकलव्य निषादांचा. पण भिल्ल समाज त्याला आपला मानतो, आणि अंगठा न लावतां बाण सोडण्याची भिल्लांची रीत त्याच्याशीं जोडली जाते. ज्यांच्या धनुर्धराचा अंगठा गेला, त्यांच्याच डोंगरांनीं, सर्वांनीं टाकलेल्या त्या ब्राह्मणपुत्रास आसरा दिला आहे. तेथें हें कोणी बोलून दाखविलें नाहीं. हा विचार सर्वस्वीं आमचा आहे. आपल्या घरांतून मात्र तो बोलून दाखविण्याजोगा आहे.

यावरून हे लोक म्हणजे आपल्याच संस्कृतीची एखादी मागें राहिलेली शाखा, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. त्यांची याहा मोगी ही देवी स्वतंत्र आहे. गुजराथेंतील देवमोगरा येथें महाशिवरात्रीस तिची मोठी जत्रा भरते. वाघदेव आहे, डोंगरदेव आहे. गुजराथेंतील डुंगरी भिल्ल आपल्या बोलींत जें 'भारथ' गातात, तें डॉ. भगवानदास पटेल यांनीं गायकांच्या तोंडून टिपून घेतलें. तेंही व्यासांच्या ग्रंथाचें केवळ भाषांतर नव्हे. शेजाऱ्याच्या घरीं आपल्या ओळखीचा पाहुणा भेटला, म्हणून तें घर आपलें ठरत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. दिवाळी आटोपली कीं या डोंगरांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं दक्षिण गुजराथेंत उतरतात, आणि बरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते. आमच्या छोट्या दुभाष्याचे आईबापही निघण्याच्या तयारींत होते. त्याला बरोबर न्यावें कीं शाळेसाठीं आजोबांपाशीं ठेवावें, याचा खल आम्ही निघेपर्यंत चालला होता. आजोबांचें मत ठेवण्याकडे होतें. पण हातास हात लागला तर चार पैसे अधिक पदरांत पडतात, हेंही त्यांस दिसत होतें.

अस्तंब्यास जाण्याची इच्छा असणाऱ्यानें दिवाळींत अवश्य जावें. चालण्याचा सराव ठेवावा, विचारल्यावांचून कोणाचें छायाचित्र घेऊं नये, आणि दिलेलें अन्न नाकारूं नये. मात्र एकदां माघ-फाल्गुनांतही जावें, जेव्हां यात्रा नसते आणि कित्येक घरांस कडी घातलेली असते. गर्दींतला डोंगर आणि रिकामा पाडा, दोन्ही पाहिल्यावांचून हा प्रदेश पाहिला असें म्हणतां येणार नाहीं.