पोहण्याचा तलाव आणि बर्फाचं गाव

२०२३ सालचा उन्हाळा फीनिक्सकर विसरणार नाहीत. जूनच्या अखेरीपासून सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० अंशांच्या खाली राहिला नाही. त्याच जुलैत आम्ही वैतागून गाडी काढली आणि घर बघायला फ्लॅगस्टाफला गेलो.

फीनिक्सपासून अडीच तासांचा चढ. सुमारे सात हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त उंचीवर, पाइनच्या जंगलात हे गाव वसलंय. दुपारी ८० अंश, रात्री पांघरूण. दोन घरं पाहिली, आवडली नाहीत. तिसऱ्याच्या मागच्या अंगणात निळाशार पोहण्याचा तलाव! आमच्यापैकी एकजण वाईजवळच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला, दुसरीला गुडघेदुखीमुळे पाण्यातला व्यायाम सांगितलेला. झालं! बाकीचं घर आम्ही धड पाहिलंच नाही. पुण्याला फोन करून कौतुकानं सांगितलं, "घराला पूल आहे." थोरल्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, कुठल्या नदीवर?"

थट्टा बाजूला ठेवू. असं घर घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी आमच्या चुका इथे मांडतो.

पहिली चूक म्हणजे घर जुलैत पाहिलं. या गावात वर्षाला सरासरी नव्वद ते शंभर इंच बर्फ पडतं आणि उन्हाळ्यातही रात्री पारा ५० पर्यंत उतरतो. फीनिक्सला तलाव सूर्य तापवतो, इथे आपण तापवायचा. आमचा तलाव १६ बाय ३२ फुटांचा, सरासरी पाच फूट खोल, म्हणजे साधारण १९ हजार गॅलन पाणी. ते एक अंश तापवायला १ लाख ६० हजार बीटीयू लागतात. हीटरवर चार लाखांचा आकडा छापलेला होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण विरळ हवेत गॅसच्या हीटरची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे चार टक्क्यांनी घटते. ती घट आणि वाया जाणारी उष्णता वगळली, तर हातात सव्वादोन लाखांच्या आसपास उरतात. ५८ अंशांवरून ८० वर न्यायला पंधरा तास! शिवाय तलावाची बहुतेक उष्णता बाष्पीभवनातून जाते, आणि इथली हवा कोरडी. रात्री झाकण घातलं नाही, तर कमावलेलं सकाळपर्यंत उडून जातं. नियमित झाकण घातलं की तापवण्याचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो. हे आम्हाला गॅसच्या पहिल्या बिलानं शिकवलं.

दुसरी चूक तलाव बंद करण्याची. फीनिक्सला आम्ही थंडीच्या रात्री पंप चालू ठेवायचो, की काम भागायचं. इथे ऑक्टोबरात नुसतं बटण बंद केलं आणि स्वस्थ बसलो. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, हे शाळेत शिकलो होतो. नोव्हेंबरात फिल्टर फुटला तेव्हा ते समजलं. विमा कंपनीनं हा निष्काळजीपणा ठरवून हात वर केले. खरी पद्धत अशी: पाणी स्किमरच्या तोंडाखाली उतरवायचं, पाइपांतलं पाणी हवेच्या दाबानं फुंकून काढायचं, बुचं बसवायची, पंप, फिल्टर, हीटर कोरडे करायचे. तलाव मात्र पूर्ण रिकामा करायचा नाही, कारण जमिनीतल्या पाण्याच्या दाबानं रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते.

या दोन चुका पैशांच्या होत्या. तिसरीची आठवण आजही नको वाटते.

नाताळात लेक, जावई आणि तीन वर्षांचा नातू आले. तलावावर आधीच्या मालकांची निळी ताडपत्री, कडेला पाण्यानं भरलेल्या पिशव्यांचं वजन. त्यावर रात्रीत सहा इंच बर्फ पडलं, आणि सकाळी अंगण कुठं संपतं अन् तलाव कुठं सुरू होतो ते आम्हालाही सांगता आलं नसतं. आम्ही चहा घेत होतो. नातू मागच्या दारातून बाहेर गेला, दोन पावलं ताडपत्रीवर टाकली आणि ती खचली. मागोमाग धावलेल्या लेकीनं त्याच्या जाकिटाची टोपी धरून ओढला. फक्त बूट भिजले. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

ॲरिझोनाच्या कायद्यात तलावाभोवती किमान पाच फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार सांगितलंय, पण ते सहा वर्षांखालचं मूल राहत असलेल्या घरासाठी. "आपल्याकडे कोण लहान आहे?" असं म्हणून तो कागद आम्ही बाजूला ठेवला होता. पाहुणी येणारी नातवंडं आम्ही हिशेबात धरलीच नाहीत.

तलाव बुजवायचाही विचार केला. शेवटी वसंतात कुंपण घातलं, कडेच्या काँक्रीटला खिट्ट्या ठोकून ताणून बसवायचं, माणसाचं वजन पेलणारं झाकण घेतलं, दाराला उंचावर कडी लावली. भारतातली फेरी त्या वर्षी रद्द झाली. त्याचं दुःख नाही.

तेव्हा मंडळी, असं घर आवडलं तर नेहमीच्या तपासणीवर विसंबू नका, तिच्यात बहुधा तलाव धरलेला नसतो. त्याची तपासणी वेगळी करून घ्या, पाइपांची दाबाखाली चाचणी करायला सांगा. मालकांकडे वर्षभराची गॅस आणि विजेची बिलं मागा. हिवाळ्यात तलाव कोण बंद करायचं, ते विचारा. विमेकऱ्याशी सही करण्यापूर्वी बोला. आणि वर्षातले किती दिवस पोहणार, ते खरं खरं मोजा. आमचे जेमतेम शंभर भरतात.

त्या शंभर दिवसांत नातू पाण्यावर तरंगायला शिकला. पाठीला भोपळ्याऐवजी फोमचा पट्टा, पण आजोबांचा हात तिथंच, पोटाखाली. तलाव ठेवल्याचं समाधान आहे.

कुणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर अवश्य या, पिठलं-भाकरी तयार ठेवू. मात्र घर घ्यायचा विचार असेल, तर जानेवारीत या.