पळून गेलेल्या गाडीची भरपाई

धडक देणारी गाडी पळून गेली किंवा तिचा विमाच नसला, तर जखमीला भरपाई कोण देणार, या प्रश्नाकडे भारतीय कायद्याने फार उशिरा पाहिले. थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला १९४६ मध्ये. अज्ञात वाहनाने चिरडलेल्यांसाठी सोलेशियम निधी आला थेट १९८२ मध्ये: मृत्यूला ५,००० रुपये, गंभीर दुखापतीला १,०००. पुढे १९८८ च्या कायद्याने आणि १९९४ च्या दुरुस्तीने ही रक्कम २५,००० आणि १२,५०० वर नेली. तिथे ती २०२२ पर्यंत गोठली. त्या २८ वर्षांत उपचारांचा खर्च कुठल्या कुठे गेला. कायदा मात्र जागचा हलला नाही.

खरी हालचाल झाली ती २०१५ नंतरच्या दशकात. बिनविम्याच्या गाडीचा मालक सापडला, तर ‘हिट अँड रन’ची भरपाई मिळत नाही, दावा मालकावरच लावावा लागतो आणि तो कफल्लक असला की निवाडा कागदावरच राहतो. म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक केला. अपघातातील बिनविम्याची गाडी विकून पैसे दावा प्राधिकरणात भरण्याचे नियम करण्यासही राज्यांना बजावले. त्याच वर्षी मालक-चालकाच्या अपघात विम्याचे संरक्षण १५ लाखांवर गेले; मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ते समोरचा चालक सापडला नाही तरी मिळते.

२०१९ च्या दुरुस्तीने ‘हिट अँड रन’ची भरपाई दोन लाख आणि ५०,००० केली, पण अंमल सुरू झाला एप्रिल २०२२ मध्ये. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. तरीही २०२२ मधल्या अशा ६७,३८७ अपघातांसमोर २०२२-२३ मध्ये दावे आले अवघे २०५. लोकांना योजना कोणी सांगितलीच नव्हती. महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमींना वा वारसांना योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयालाच द्यावा लागला. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय झाली.

हक्क आता कायद्यात आहे. तो घरोघर पोहोचवणे आणि भरपाई महागाईनुसार ठरावीक मुदतीने वाढवणे, ही सरकारची जबाबदारी आहे.