बीटा जनुकाची रचना

मानवी रक्तास तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे बनलेले असते. प्रौढ माणसात त्यांपैकी दोन साखळ्या बीटा जातीच्या असतात. बीटा साखळीत १४६ अ‍ॅमिनो अम्ले ओळीने गुंफलेली असून प्रत्येक अम्लाचा संकेत डीएनएची तीन अक्षरे देतात. या हिशेबाने ४३८ अक्षरे पुरावयास हवीत. परंतु अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील बीटा जनुक सुमारे १,६०० अक्षरे लांब आहे.

जनुक म्हणजे अखंड मजकूर, अशी १९७७ पर्यंत समजूत होती. त्या वर्षी रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना, स्वतंत्रपणे, एका विषाणूच्या जनुकांतील मधले भाग गाळले जात असल्याचे आढळले. लवकरच सस्तन प्राण्यांच्या बीटा जनुकातही तोच प्रकार दिसून आला. मानवाच्या बीटा जनुकातील संकेत तीन तुकड्यांत विभागलेले आहेत. त्यांस एक्सॉन म्हणतात. त्यांच्या मध्ये १३० व ८५० अक्षरांचे दोन इंट्रॉन येतात. पेशी प्रथम संपूर्ण जनुकाची आरएनए-नक्कल उतरविते व नंतर इंट्रॉन कापून एक्सॉन सांधते. आख्यानातील आडकथा वगळून मूळ कथा सलग सांगावी, तसेच हे होय.

कोठे कापावयाचे, हे मुख्यतः इंट्रॉनच्या टोकांवरील अक्षरांवरून ठरते. म्हणूनच टाकून द्यावयाच्या भागातील चूकही घातक ठरते. पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या स्थानी ग्वानीनऐवजी सायटोसीन आल्यास बहुतेक नकला भलत्याच जागी कापल्या जातात आणि बीटा साखळी फारच थोडी तयार होते. असे जनुक माता व पिता या दोघांकडूनही आल्यास मुलास थॅलसीमिया होतो व बहुधा जन्मभर रक्त द्यावे लागते. भारतातील बीटा थॅलसीमियाच्या रुग्णांत हाच दोष सर्वाधिक आढळतो. एकाच बाजूने आलेला दोष सहसा जाणवत नाही. तो रक्ततपासणीनेच ओळखावा लागतो.

बीटा जनुक एकाकी नाही. एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा व शेवटी बीटा अशी ही जनुके एका रांगेत आहेत, आणि गर्भावस्थेपासून ती साधारणतः याच क्रमाने कार्यरत होतात! जन्मानंतर गॅमा जनुके जवळजवळ मूक होतात. २०२३ साली ब्रिटनमध्ये मान्यता मिळालेल्या उपचारात बिघडलेल्या बीटा जनुकास हातही लावला जात नाही. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशींत गॅमा जनुकांवरील हा निर्बंध सैल केला जातो.